शेट आत आहेत

सोलापूर
२ फेब्रुवारी १९७८

ती. अक्का,

नमस्कार एका ओळीत उरकते, कारण सांगायचं ते पोटात मावत नाहीये. काल तुझा नवरा माझ्या दारात आला होता.

आज तो तुझा कुणी नव्हे, तेव्हाचा. रेवणसिद्ध. आता त्याला सगळे रेवणशेट म्हणतात. मार्केट यार्डात तुरीची अडत, अंगावर परीटघडीचं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे ठळक. मला त्यानं ओळखलं नाही. ओळखणार कसा? तुझ्या लग्नात मी परकर सावरत अक्षतांच्या ताटामागे धावणारी पोर होते, आणि आता दारावरच्या पाटीवर माझं सासरचं आडनाव आहे. मला म्हणाला, "बाई, मोटा डॉक्टर कुटं हाय?" मी म्हटलं, मीच.

दोन हमालांनी खुर्चीतून त्याच्या मुलीला आत आणलं. तुझ्यानंतर त्यानं केलेल्या शिवबाईची थोरली, नीलांबिका. नववीत आहे. दिवाळीनंतर एका सकाळी उठली ती पाय हलेनात आणि तोंडातून शब्द फुटेना. सगळे देव झाले, अंगारे झाले, डॉक्टर झाले. मी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तळव्याला टाचणी लावली. पाय तुझ्यामाझ्याइतके धड आहेत. अडलंय ते मन. अशी मुलं आमच्या मनोरुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात येतात आणि बहुतेक बरी होऊन जातात.

तो म्हणाला, "तेवडी उबी करून द्या. वैशाखात लगीन हाय तिचं, वैरागचं घर हाय. आन् ह्यातलं भाईर कुटं जाऊ देऊ नका."

आता ऐक. लोक मुलाला इथं ठेवतात आणि पसार होतात, पत्ताही खोटा देतात. म्हणून मी नियमच केलाय. मुलाबरोबर घरचं एक माणूस आत राहणार, आणि मूल घरी जाईपर्यंत माझ्या सहीशिवाय तेही बाहेर जाणार नाही. बहुतेक वेळा आई राहते. शिवबाईच्या अंगावर तान्हं मूल आहे, पण आजी गाठोडं घेऊन तयार बसली होती. मी आजीला परत पाठवलं. म्हटलं, बापानंच राहायचं.

"मी? माजी अडत कोन बगंल?"

"मग मुलीला घेऊन जा. वैशाखात खुर्चीवर बसवूनच अक्षता टाका."

राहिला. बापांना मागच्या व्हरांड्यात सतरंजी मिळते, आणि मुलीला तीन वेळा स्वतःच्या हातानं भरवायचं असतं. ज्ञानू वॉचमननं जाळीच्या दाराला कुलूप घातलं तेव्हा मी मुद्दाम तिथं उभी राहिले. तुला कोंडलं होतं त्या बंगल्यावर दादा मला घेऊन आला होता, आठवतं? गजांतून हात काढून तू माझी वेणी नीट केलीस. लोकांना मी सांगते, मुलांची सेवा करायला डॉक्टर झाले. काल कळलं की तेवढंच कारण नव्हतं.

तुझी,
वच्छला

दुधनी
९ फेब्रुवारी १९७८

चि. वच्छला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र दादाच्या हाती पडू दिलं नाही. शिवप्पा पोस्टमनकडून मीच घेतलं आणि गोठ्यात बसून वाचलं. गाईला वाटलं असेल, ही आज एकटीच का हसतेय. हसणंही गोठ्यात करावं लागतं बाई मला. चारचौघांत हसले तर म्हणतात, चढलं वाटतं पुन्हा.

सतरंजी कशाला देतेस त्याला? मला गोणपाट होतं. जेवायला काय देता तेही लिही. आमटीत डाळ असते का? डाळीचा व्यापारी आहे तो, त्याला नुसतं पाणी वाढ.

तू तेव्हा लहान होतीस, तुला कुणी धड सांगितलं नसेल. माझं बाळ जन्मतःच गेलं. अंगाला दूध फुटलेलं आणि प्यायला कुणी नाही. मी भिंतीकडं तोंड करून बसले, कुणाशी बोलेना. त्याला त्यांनी वेड म्हटलं. त्याच्या ओळखीच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली आणि मला सीमेपलीकडच्या त्या बंगल्यात टाकलं. पंधरवड्यात मी नीट बोलायला लागले होते, स्वयंपाकात मदत करत होते. पण बाहेर काढायला सही त्याची लागायची. त्यानं पावसाळा जाऊ दिला. मी सुटले तोवर फारकत झालेली, शिवबाई घरात आलेली.

ते सगळं मी गिळलं. पण आता ते चन्नीच्या आड यायला लागलंय. दादाच्या चन्नीला गेल्या महिन्यात दुसरं स्थळ परत गेलं. पाहुणे थोरल्या पंचांच्या, बसलिंगप्पांच्या ओसरीवर म्हणाले, "आत्या येडी हाय म्हनं. पोरीत उतरंल की." आता घरात पाहुणे आले की वहिनी मला घरामागच्या परड्यात पाठवते. दादा मान खाली घालून बसतो, त्याचा राग येत नाही, कीव येते.

म्हणून सांगते, त्याला कोंड, छळ, माझी ना नाही. पण मला नुसता त्याचा त्रास नको. मला तो दुधनीत हवा. बाजाराच्या दिवशी, मठापुढच्या कट्ट्यावर, बसलिंगप्पा आणि पंचांसमोर त्यानं म्हणायचं, ईरम्मा वेडी नव्हती, मी खोटं बोललो. एवढं झालं की चन्नी उजवली आणि मीही मोकळी झाले. हे करून घे. दुसरं काही मागत नाही.

तुझी,
अक्का

सोलापूर
३ मार्च १९७८

ती. अक्का,

करून घेते. आता त्याचा हात दगडाखाली आहे.

आमटीत डाळ असते, पण बेतानंच. पहिल्या दिवशी ताट बघून त्यानं तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी वाढपिणीकडं दुसरी भाकरी मागितली. मुलीला भरवताना त्याला कळेना की ती घास केवढा घेते. चौदा-पंधरा वर्षं एका घरात राहून हे त्याला ठाऊक नाही. इथल्या सोजरबाई आया आहेत, त्या म्हणाल्या, "शेट, पोरगी हाय, पोतं न्हवं. किती कोंबता?" सगळ्या आया हसल्या. मीही हसले, त्याच्या देखत.

गेल्या आठवड्यात तो जाळी धरून ओरडायला लागला. "मी येडा न्हाय! दार उगडा! मी पोरीसंगं आलोय!" ज्ञानू शांतपणे म्हणाला, "व्हय की शेट. हितं समदेच असं म्हनत्यात." मी केसपेपर तपासत बसले होते, तशीच बसून राहिले.

यार्डातले त्याचे सोबती चौकशीला येतात. मी ज्ञानूला बजावलंय, मुलीचं नाव काढायचं नाही. मुलीची गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका असं त्यानंच सांगितलं होतं ना? एवढंच सांगायचं, "शेट आत हाईत. कवा सोडतील ते डॉक्टरीनबाईच सांगतील." यात एक अक्षर खोटं नाही. ऐकणारे एकमेकांकडं बघतात, चप्पल सरकवतात आणि निघून जातात.

आता मुलीचं. मी दुपारी मुलींबरोबर फरशीवर बसून सागरगोटे खेळते. औषधानं होत नाही ते कधीकधी त्यानं होतं. नीला भिंतीला टेकून बघत असायची. परवा एका पोरीनं लबाडी केली आणि मागून आवाज आला, "तिचा डाव गेला." चार महिन्यांतले पहिले शब्द. मी मान वर केली नाही, गोटे तिच्याकडं सरकवले.

मग हळूहळू बोलली. अक्का, हे वाचताना बसून घे. त्या घरात तुझ्या नावाचा धाक घालतात. शिवबाईनं उलट उत्तर दिलं की तो म्हणतो, "तुजी ईरम्मा करीन." म्हणजे कोंडीन, सही करणार नाही, पोरं काढून घेईन. नीलाला शाळा पुढं शिकायची आहे, तिनं लग्नाला नाही म्हटलं. तो तिलाही तेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिचे पाय गेले. बाहेर नेऊन टाकतील म्हणून पायच नकोसे झाले तिला.

ती मला म्हणाली, "ती ईरम्मा अजून कोंडलेलीच हाय का हो?" त्या दिवशी त्याची दुसरी भाकरी मी बंद केली.

तुझी,
वच्छला

दुधनी
९ मार्च १९७८

चि. वच्छला,

आधी गंमत सांगते. तुझ्या ज्ञानूचे शब्द दुधनीत पोचले. आमच्या बाजारात सोलापूरचे व्यापारी तूर घ्यायला येतात, त्यांच्याकडून. पिठाच्या गिरणीवर राजाबाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ईरम्माचा दाल्ला येडा झाला म्हनं. साखळीनं बांदलाय." साखळी तिनं पदरची घातली. मी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली. देवाला काय वाटलं कोण जाणे.

मग तुझ्या पत्राचा मागचा भाग पुन्हा वाचला. साखर तोंडात कडू झाली. माझं नाव त्या घरात चाबकाच्या जागी टांगलंय. इतकी वर्षं मला वाटायचं, ते मला विसरले असतील.

ती पोर दिसते कशी? त्याच्यावर गेलीय का? केस लांब आहेत का, आणि ते कोण विंचरतं? शेंगांची चटणी आणि कडक भाकरी पाठवतेय, चन्नीनं भाजल्या आहेत. त्या तिला दे. त्यातला तुकडाही त्याच्या घशात जाऊ देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे.

पोर बरी झाली की तिला लगेच घरी धाडशील ना? त्याचं काय करायचं ते कर. पण तिला लगेच.

तुझी,
अक्का

सोलापूर
२ एप्रिल १९७८

ती. अक्का,

उत्तराला उशीर झाला. केस गुडघ्यापर्यंत आहेत, सोजरबाई विंचरतात. चटणी तिनं मिटक्या मारत खाल्ली.

होळीच्या दिवशी ती चालली. आधी भिंत धरून, मग मोकळी. आता अंगणात दोरीवरच्या उड्या मारते.

तो हात जोडून आला. "बाई, लई उपकार झाले. आता सही करा." मी म्हटलं, चालते, पण बरी नाही. तो म्हणाला, सहीशिवाय नेईन. मी म्हटलं, न्या की, मग कागदावर 'वेड कायम' असं लिहून देईन आणि वैरागचे पाहुणे विचारायला आले तर दाखवीनही. मग त्याला सांगितलं, मी कोण आहे ते. दुधनीची. ईरम्माची धाकटी.

खाली बसला, अक्का. त्या परीटघडीच्या धोतरासकट फरशीवर. मग म्हणाला, "काय पायजे?" मी तुझं म्हणणं सांगितलं. बाजाराचा दिवस, मठाचा कट्टा, पंच. तर म्हणतो, "येवडं सोडून काय बी सांगा. घराण्याची अब्रू जाईल." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा. मी म्हटलं, मग राहा.

नीलाची वार्षिक परीक्षा याच महिन्यात आहे. बुडाली तर पुढच्या वर्षी देईल. एक वर्ष काही मोठं नाही. तू काळजी करू नकोस, तो वाकणार आहे, थोडाच उरलाय.

तुझी,
वच्छला

दुधनी
१४ एप्रिल १९७८

वच्छला,

मी काल सोलापूरला येऊन गेले. घरी सांगितलं, गड्ड्याची जत्रा भरते त्या देवाच्या दर्शनाला जाते. तू कुठल्याशा मीटिंगला गेली होतीस, बरं झालं. ज्ञानूला म्हटलं, मी नीलांबिकेची मोठी आई. त्यानं सोडलं.

अंगणात दोरीवर उड्या मारत होती. मला बघून थांबली. "तुमी कोन?" मी म्हटलं, ईरम्मा.

मला वाटलं पोर घाबरून पडेल. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग जवळ येऊन तिनं माझ्या हाताला हात लावून बघितला. म्हणाली, "तुमी बऱ्या हाय?"

"मी बरीच हुते, बाळ."

"मी पन बरी हाय," ती म्हणाली. "पन बाई सही करत न्हाईत."

वच्छी, हे वाक्य मी एकदा बोलले आहे. गजांतून, दादाला. तू तिथंच उभी होतीस.

तू शिकलीस, मोठी झालीस, आणि त्याचीच लेखणी हातात घेतलीस. धड पोरीला कोंडून ठेवलंस. कशासाठी, तर माझ्यासाठी. माझं नाव त्यानं एका घरात घेतलं, तू दुसऱ्या घरात घेतेयस, आणि दोन्हीकडं कुलूप त्या पोरीलाच. मला तुझा इतका राग आलाय की तो रेवणसिद्धही आज मागं पडला.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी सही कर. मला त्याचं बोलणं नको, कट्टा नको, काही नको. परीक्षा बुडाली तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

अक्का

सोलापूर
१८ एप्रिल १९७८

ती. अक्का,

पत्र सकाळी मिळालं, दुपारी सही केली. परीक्षा परवापासून आहे, शाळेत मी स्वतः जाऊन सांगून आले.

कागदावर 'पूर्ण बरी' असं लिहिलं. ज्ञानूनं दार उघडलं. त्याच्याकडून मी काही मागितलं नाही, त्याच्या तोंडाकडंही बघितलं नाही. पण पुढं झालं ते तुला कळायलाच हवं.

फाटकाबाहेर टांगा उभा होता. तो चढून बसला. नीला चढेना. त्याला वाटलं की तिचे पाय पुन्हा गेले, म्हणून तो घाबरून खाली उतरला. ती म्हणाली, "पायाला काय न्हाय झालं. ईरम्मा बरी हाय, मी बगितलंय. तुमी खोटं बोललाव. दुदनीला जाऊन तसं सांगा, मंग मी घरला येते."

रस्त्यावर माणसं होती. तो म्हणाला, घरी जाऊन बोलू. ती म्हणाली, "न्हाय. न्हाय तर मला परत आत ठेवा." आणि वळून जाळीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. ज्या दाराला ती भीत होती त्याच.

अक्का, तो रडला. मी महिनोन् महिने त्याचं रडणं बघायची वाट पाहिली, आणि बघताना मला काही गोड लागलं नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. येत्या बाजाराला तो दुधनीत येतोय. तू नको म्हणालीस तरी येतोय, कारण हे तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच. परीक्षा होईपर्यंत नीला घरी न जाता अक्कलकोटला मामाकडं राहून येजा करणार आहे.

कट्ट्याजवळ जाऊन उभी राहा. कुणालाही तुला परड्यात पाठवू देऊ नकोस.

वच्छला

दुधनी
२७ एप्रिल १९७८

चि. वच्छला हिस आशीर्वाद. राग उतरला आहे.

तो आला. धोतर तेच, पण अंगात उरलं नव्हतं काही, मानेचं हाड दिसत होतं. बाजार ऐन भरात होता. मी नवं इरकल नेसून कट्ट्याच्या डाव्या अंगाला उभी राहिले, चन्नीला आणि दादाला बरोबर घेऊन. वहिनीही आली.

त्यानं बसलिंगप्पांना नमस्कार केला आणि मोठ्यानं बोलायला लागला. चुकवलं नाही काही, ते मान्य करते. "ईरम्मा येडी न्हवती. पोर गेलं म्हनून ती गप हुती. मला दुसरं लगीन करायचं हुतं. मी डॉक्टरकडनं खोटी चिट्टी घेतली. ती बरी झाली तरी मी सही केली न्हाय." प्रत्येक शब्द जागच्या जागी. अठरा वर्षं मी हेच शब्द मनात त्याच्या तोंडी घालत आले होते. चन्नीनं माझा हात धरला.

बोलून संपलं. मग बसलिंगप्पा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "बसा शेट. पानी घ्या. डोस्क्याला ऊन लागतंय."

त्यानं म्हटलं, "मी खरं सांगतोय."

"व्हय की. खरंच हाय. बसा तुमी." आणि मागं वळून म्हणाले, "अरे कुनीतरी ह्यांच्या घरला सांगावा धाडा. सोलापूरच्या येड्यांच्या हास्पिटलात हुते म्हनं. येवड्यात कशाला सोडलं?"

कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. राजाबाई म्हणाली, "येड्यानं येडीला शानी म्हटलं." त्यावर तर पोतीवाले हमालही हसले.

तुझ्या ज्ञानूचे शब्द, वच्छी. शेट आत आहेत. आपण दोघींनी किती चवीनं चघळले ते. त्याचं बोलणं मातीमोल करून मग आपण ते बोलणं मागत होतो. चन्नीचं काही झालं नाही. उलट आज वहिनी म्हणाली, आता आपल्या घराच्या नावाला दोन वेडी लागली. वैरागच्या पाहुण्यांनीही लग्न मोडलं असं कळलं, सुनेच्या माहेरात वेड नको म्हणून. नीलाची तेवढी शाळा वाचली. तिचे पेपर बरे गेल्याचं तिनं मला कार्ड टाकून कळवलंय. मी ते उशाशी ठेवलंय.

आता शेवटचं सांगते, ते फक्त तुला.

लोक हसत होते तेव्हा तो गर्दीत कुणालातरी शोधत होता. मी सापडले. कट्ट्यावरून उतरून माझ्यापुढं आला. अठरा वर्षांनी समोर. हात जोडून म्हणाला, "ईरम्मा, तू तरी सांग की ह्यांना. तुज्या भनीचंच हास्पिटल हाय. मी येडा न्हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बसलिंगप्पांनीही मान वळवली. मला माहीत होतं की तो शहाणा आहे. त्या अख्ख्या बाजारात ते सांगू शकणारी मी एकटीच होते. मी सांगितलं असतं तर त्याचं बोलणं खरं ठरलं असतं, म्हणजे माझं शहाणपणही. कदाचित कुणी ऐकलं नसतं, पण बसलिंगप्पांनी विचार केला असता. चन्नी माझा हात दाबत होती. शब्द अगदी तोंडात आला होता.

मी त्याच्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे तशी गप्प राहिले. तो परत म्हणाला, "ईरम्मा." मी नाही बोलले. त्याला दोघांनी दंडाला धरून स्टेशनाकडं नेलं.

तुझी,
अक्का